आगगाडीचा देखावा

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. दगडविटांचा ढीग, त्यावर गोणपाट, गोणपाटावर चिखलाचा लेप आणि त्यात पेरलेल्या अळिवाची कोवळी हिरवळ. तटावर उभा केलेला मावळा दरवाजाच्या दुप्पट उंच असतो आणि सिंहासनावरचे महाराज बालेकिल्ल्यातही मावत नाहीत. पण त्याला कोणी हसत नाही. तेथले माप भक्तीचे असते. ज्याची थोरवी मोठी त्याची मूर्ती मोठी, एवढाच त्या कलेचा कायदा.

छोट्या आगगाडीचा देखावा हा याच किल्ल्याच्या घराण्यातला. मात्र त्याचा कायदा अगदी उलटा. तेथे राजाला आणि हमालाला एकच माप. जगात सर्वांत अधिक वापरले जाणारे माप ‘एचओ’ नावाने ओळखले जाते आणि त्यात खरी वस्तू ८७ पटींनी लहान करतात. सहा फुटी माणूस दोन सेंटिमीटरांच्या थोडा वर उरतो, आगगाडीचा डबा सुमारे पाव मीटरचा होतो. या मापातून एक झाड जरी सुटले तरी सारा भास कोसळतो. फलाटावरच्या बाकाहून मोठा कुत्रा दिसला, की प्रेक्षक त्या गावातून बाहेर पडलाच म्हणून समजावे.

महाराष्ट्रात या कलेचे नाव काढताच पुण्याच्या कोथरूडमधले जोश्यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आठवते. भाऊसाहेब जोशी यांनी जन्मभर जोपासलेल्या छंदातून ते उभे राहिले आणि १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. शहर, रूळ, सिग्नल, पूल, सर्कस असा सारा पसारा एका दालनात मांडला आहे. प्रेक्षकाने बसावे, निवेदन ऐकावे, आणि पाहता पाहता दिवस मावळून घराघरांत दिवे लागावेत, अशी तेथली रचना आहे. सुटीत मुलांना घेऊन गेलेल्या पुष्कळ आईबापांनी ती पाहिली असेल. मुले गाड्यांकडे पाहतात हे खरे; पण मला विशेष वाटते ते त्या मांडणीचे. भाऊसाहेबांना एक गोष्ट नेमकी उमगली होती: गाडी चालवणे ही कारागिरी आहे आणि गाडी दाखवणे ही कला आहे. संध्याकाळ होऊन खिडक्या उजळतात तेव्हा त्या खेळण्यातल्या घरांत कोणीतरी राहते असे वाटू लागते. ही किमया यंत्राची खास नव्हे.

दाखवण्याच्या या कलेचे नियम आपल्या रंगभूमीला पूर्वीपासून ठाऊक आहेत. दर्शनी झालर, बाजूच्या विंगा आणि मागचा पडदा यांवाचून नाटक उभे राहत नाही. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवले, ते काही भिंत झाकण्यासाठी नव्हे. छोट्या रेल्वेलाही मागे आभाळ लागते, आणि ते दोन भिंतींच्या कोपऱ्यात मोडू नये म्हणून तेथे पडदा गोलाईने वळवावा लागतो. टेबलाची कड एकाच गडद रंगाने रंगवावी, खाली पाय नि तारा दिसू नयेत म्हणून कापड सोडावे, दिवे वरच्या झालरीआड लपवावेत. मुख्य म्हणजे मांडणी डोळ्यांच्या उंचीच्या जवळ असावी. खाली ठेवलेला देखावा आपण घारीसारखे वरून पाहतो आणि आपल्याला फक्त छपरे दिसतात. तोच उंच केला, की आपण रुळांशेजारी उभे राहतो.

गाडीच्या वेगालाही माप असते. ताशी साठ किलोमीटर धावणारी गाडी या मापात सेकंदाला फार तर १९ सेंटिमीटर चालायला हवी. मुलांना ती भरधाव सोडायची असते, आणि तेथेच देखाव्याचे पुन्हा खेळणे होते. शिवाय बहुतेक मांडण्यांत रुळांतूनच वीज इंजिनाला पोचते. म्हणून रुळांवर धूळ बसली, की गाडी अडखळते. जो रोज रूळ पुसत नाही त्याचा देखावा महिन्याभरात मरतो. मांडणी ‘पूर्ण’ झाली असे म्हणण्याची सोय या कलेत नाही.

आता थोडे टीकेचे. आपल्याकडच्या अशा देखाव्यांतल्या घरांचा नि गाड्यांचा पेहराव पुष्कळसा युरोपीय वळणाचा असतो. याचे कारण समजण्यासारखे आहे. तयार सामान तिकडचे, मापे तिकडची. ‘एचओ’च्या रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर असते आणि ते युरोपातल्या १४३५ मिलिमीटरच्या मार्गाला चपखल बसते. आपला मोठा मार्ग १६७६ मिलिमीटरचा; त्याला सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत. त्यामुळे भारतीय डबा त्या रुळांवर ठेवला, की तो अंगापेक्षा बारीक पायांवर उभा असल्यासारखा दिसतो. मिलिमीटर जेमतेम तीन, पण परकेपणा तेवढ्यानेही कळतो. मात्र रुळांची अडचण ही सबब डोंगराला, झाडांना नि घरांना लागू पडत नाही. उतरत्या लाल छपराचे गाव परदेशातून डब्यात येते म्हणून तेच मांडायचे, असे का व्हावे?

आमच्या शेजारच्या शहापूर तालुक्यात कसारा आहे. तेथून इगतपुरीपर्यंत थळ घाटाची चढण १८६५ सालापासून गाड्या चढत आहेत. चढ ३७ फुटांना एक फूट, म्हणून कसाऱ्याला मागून जादा इंजिने जोडावी लागतात. सुमारे चौदा किलोमीटरचा हा घाट ‘एचओ’ मापात मांडायचा तर १६० मीटर लांबीचे दालन लागेल! म्हणजे सगळे मांडता येणारच नाही. एक बोगदा, एक पूल, जोडइंजिनांची जागा आणि एखादे वळण निवडून बाकीचे सोडून द्यावे लागेल. नक्कल म्हणजे कला नव्हे असे म्हणणाऱ्या विद्वानांना माझे उत्तर हेच आहे. काय सोडावे हे जेथे ठरवावे लागते तेथे नक्कल संपलेली असते. कादंबरीकारही एका माणसाच्या साठ वर्षांतले चार दिवस निवडतो. आणि ते चुकीचे निवडले तर बाकीची सारी मेहनत पाण्यात जाते.

इंग्लंडातले एक उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. रॉय इंग्लंड नावाचा एक ऑस्ट्रेलियन तरुण १९२५ साली त्या देशात आला. खेड्यांतली जुनी गवती छपरांची घरे डोळ्यांदेखत जात आहेत हे पाहून त्याने ती मापाने लहान करून जतन करण्याचा संकल्प केला. त्यातून १९५४ साली ‘पेंडन’ नावाचे संग्रहालय सुरू झाले. तेथे आगगाडी आहे, पण ती त्या प्रदेशाच्या आठवणीतून वाट काढत जाते. देखाव्याची अंतिम कसोटी मला हीच वाटते. गाडी निघून गेल्यावरही मागे उरलेल्या गावाकडे पाहत राहावेसे वाटते का?

या कसोटीवर आमचे काय उरणार, हा प्रश्न मला शाळेत शिकवताना पुन्हा पुन्हा पडतो. वैशाखरे हे नाणेघाटाच्या पायथ्याचे गाव. सातवाहनांच्या काळापासून या वाटेने व्यापार चढला. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण अजून आहे. इंग्रजांनी १८४०च्या दशकात सह्याद्री ओलांडण्याचा बेत केला तेव्हा आधी शेजारच्या माळशेज घाटाचा विचार झाला होता. पुढे जेम्स बर्कले यांनी भोर आणि थळ हे घाट पत्करले. आमच्या वाट्याची गाडी अशी कागदावरच राहिली. मुरबाड तालुक्यात अजूनही आगगाडी आलेली नाही. आणि इकडे कारवीच्या कुडाची, शेणाने सारवलेली घरे एकेक करून सिमेंटची होत आहेत. त्यात राहणाऱ्याला ती हवीच आहेत; कुडाच्या घरात पावसाळा काढणाऱ्याला जुन्याचे कौतुक सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण त्या घराला माप किती होते, पडवी कोठे होती, चूल कोणत्या अंगाला होती, हे पुढच्या मुलाला कोण दाखवणार?

म्हणून माझी सूचना साधी आहे. किल्ले करणारे हात आपल्याकडे घरोघर आहेत. त्यांना एक फूटपट्टी द्यावी. मापे घ्यायला म्हाताऱ्यांच्या घरी पाठवावे. माती आपल्याच शेतातली, वस्त्रगाळ केलेली. झाडांना वाळक्या काटक्या, रंगीत भुसा. कुडाला कारवीच्या चिरफळ्या. रूळ नि इंजिन विकतचे असले तरी चालेल. माळशेजच्या कातळाखालून, कधीच न आलेली ती गाडी सेकंदाला एकोणीस सेंटिमीटर अशा संथ चालीने जाऊ द्यावी, आणि संध्याकाळ झाली की पडवीत एक बारीक दिवा लावावा. तो देखावा पाहायला पुण्यामुंबईचे रसिक इकडे येतील की नाही, हे मला सांगता येणार नाही. पण आमची मुले त्यात प्रथम आपले घर शोधतील, एवढे मात्र मी खात्रीने सांगतो.