‘बीइंग मॉर्टल’ आणि वृद्ध रुग्णाचा निर्णयाधिकार

अतुल गावंडे यांच्या ‘बीइंग मॉर्टल’ (२०१४) या ग्रंथाचा गाभा म्हणजे त्यांच्या वडिलांच्या आजाराची कथा. विदर्भातील उटी या खेड्यातून निघून अमेरिकेत शल्यचिकित्सक झालेल्या या गृहस्थांच्या मज्जारज्जूत अर्बुद आढळले. एका शल्यज्ञाला त्यांचे प्रश्न नकोसे झाले. दुसऱ्याने त्यांना कशाची धास्ती वाटते हे आधी जाणून घेतले व शस्त्रक्रियेची वेळ त्यांच्यावर सोपविली. प्रसंग हृद्य आहे. परंतु हा रुग्ण स्वतःच शल्यज्ञ होता; प्रश्न कोणता विचारावा हे त्यास ठाऊक होते. त्याच ग्रंथातील, रक्तदाब, संधिवात, काचबिंदू अशा व्याधींनी घेरलेल्या ८५ वर्षांच्या बाईंचे तसे नाही. त्या पाठदुखी सांगतात. जरातज्ज्ञ त्यांची पावले न्याहाळून पडण्याचा धोका ओळखतो. परीक्षण खरोखर मार्मिक! तथापि अग्रक्रम ठरवितो तो वैद्यच. दीर्घकालीन व्याधीत निर्णय लहान व नित्याचे असतात: कोणते औषध सोडावे, कोणता त्रास पत्करावा. गावंडे रुग्णाच्या इच्छेची खरी विचारपूस करतात ती मुख्यतः मृत्यूच्या उंबरठ्यावर. त्याआधीची दहावीस वर्षे वैद्याच्याच हाती राहतात.