कॅप्टन नेमोची विद्या कोणाची?

लोकांच्या मनात घर करून बसलेले एखादे जुने पात्र नव्या वेषात परत आले की वाद होणारच. सांगलीकरांना हे सांगायला नको. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून मराठी रंगभूमीवर राम-रावण किती वेळा नव्याने उभे राहिले आणि 'हा काही आमचा राम नव्हे' असे प्रेक्षक किती वेळा म्हणाले, याची मोजदाद नाही. विज्ञानकथेतील पात्रांनाही आता हा अनुभव येऊ लागला आहे.

ज्यूल व्हर्नचा कॅप्टन नेमो हे असेच एक पात्र. भा. रा. भागवतांच्या रूपांतरांमुळे व्हर्न मराठी मुलांच्या ओळखीचा झाला आणि समुद्राच्या पोटात 'नॉटिलस' पाणबुडी घेऊन फिरणारा हा गूढ माणूस आपल्याकडे अनेकांच्या शाळकरी वाचनाचा भाग बनला. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'नॉटिलस' ही दहा भागांची इंग्रजी मालिका प्रथम ब्रिटन व आयर्लंडमध्ये प्रदर्शित झाली. तीत शझाद लतीफ या ब्रिटिश अभिनेत्याने नेमो रंगवला आहे. हा नेमो तरुण आहे, भारतीय राजपुत्र आहे, एका बलाढ्य व्यापारी कंपनीचा कैदी आहे. सोबतच्या कैद्यांना घेऊन तो कंपनीचीच पाणबुडी पळवतो आणि तिच्याविरुद्ध उभा राहतो.

व्हर्नच्या चाहत्यांत यावरून दोन तट पडतात. एक म्हणतो, हा आमचा नेमो नव्हे. आजच्या हवेप्रमाणे त्याला उगाच भारतीय केले आणि तरुण, तापट बनवले. दुसरा म्हणतो, छे, हाच खरा नेमो, इतकी वर्षे तो लपवून ठेवला होता. सातारा-सांगलीकडच्या आमच्या शिक्षकमित्रांच्या गप्पांतही हे दोन्ही सूर ऐकू येतात. वाद गमतीचा आहे, पण त्यात आम्हाला एक गंभीर मुद्दा दिसतो. तो नेमोच्या रंगरूपाचा नाही, त्याच्या विद्येचा आहे. त्याकडे वळण्यापूर्वी आधी पुरावा तपासू.

मूळ पुस्तके काय सांगतात?

'समुद्राखाली वीस हजार लीग' ही कादंबरी १८६९-७० मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. (वीस हजार लीग ही खोली नव्हे, प्रवासाचे अंतर आहे. व्हर्नची लीग चार किलोमीटरची. म्हणजे ८०,००० किलोमीटर, पृथ्वीला सुमारे दोन फेऱ्या!) या कादंबरीत नेमोचा देश सांगितलेलाच नाही. 'नेमो' या लॅटिन शब्दाचा अर्थच 'कोणी नाही' असा आहे. व्हर्नच्या मनात आधी तो एक पोलिश सरदार होता. पोलंडमधील १८६३ चा उठाव रशियाने चिरडला, त्यात कुटुंब गमावलेला. पण प्रकाशक एत्झेल यांना रशियाला दुखवायचे नव्हते, कारण तेथेही पुस्तके खपत. लेखक-प्रकाशकांत वाद झाला आणि नेमो बिनदेशाचा राहिला. तरी एक खूण राहून गेली. सिंहलद्वीपाजवळ शार्कच्या तोंडून वाचवलेल्या गरीब पाणबुड्याला नेमो मोत्यांची थैली देतो आणि आपण दडपलेल्यांच्याच देशाचे आहोत, असे सांगतो.

पुढे १८७४-७५ मध्ये 'रहस्यमय बेट' आली आणि तीत नेमो परतला. तेथे मरणापूर्वी तो आपली हकिगत सांगतो: आपण बुंदेलखंडातील राजपुत्र डक्कार, टिपू सुलतानाचे भाचे-पुतण्यांपैकी एक. वयाच्या दहाव्या वर्षी वडिलांनी आपल्याला युरोपात शिकायला धाडले. तिशीपर्यंत आपण तेथे विज्ञान आणि कला शिकलो, १८४९ मध्ये परतलो, १८५७ च्या उठावात लढलो. त्यात घरदार गेले. मग वीस विश्वासू सोबत्यांसह पॅसिफिकमधील एका निर्जन बेटावर आपण नॉटिलस बांधली.

म्हणजे नेमोला भारतीय केले ते २०२४ च्या मालिकेने नव्हे, स्वतः व्हर्नने, दीडशे वर्षांपूर्वी. १९१६ च्या मूकपटातही नेमो भारतीय राजपुत्रच होता. पहिल्या तटाचा पहिला आक्षेप येथे निकालात निघतो.

वयाचे काय? येथे व्हर्न स्वतःच घोटाळ्यात सापडला आहे. पहिल्या कादंबरीत प्रोफेसर आरोनॅक्स नोव्हेंबर १८६७ ते जून १८६८ या काळात नॉटिलसवर आहेत आणि नेमो धडधाकट मध्यमवयीन आहे. दुसऱ्या कादंबरीत तोच नेमो ऑक्टोबर १८६८ मध्ये, पांढऱ्या दाढीचा म्हातारा होऊन, पॅसिफिकमधील बेटाच्या गुहेत प्राण सोडतो. तेथे तो कितीतरी वर्षे एकटा राहिलेला आहे! हा मेळ बसत नाही, हे तेव्हाच ध्यानात आले होते आणि पुस्तकात तशी टीपही घालण्यात आली. लेखकालाच जेथे पात्राचे वय सांभाळता आले नाही, तेथे मालिकेने त्याला तरुण केले म्हणून फार रागावण्यात अर्थ नाही.

मालिकेने काय दिले?

मालिकेचे श्रेय मोकळेपणाने दिले पाहिजे. कादंबरीतील नॉटिलसचे खलाशी म्हणजे सावल्याच आहेत. ते कोणालाही न कळणारी भाषा बोलतात, मुकाट्याने काम करतात, मरतात आणि समुद्रतळी पुरले जातात. मालिकेत या माणसांना नावे, चेहरे आणि मते आहेत. वेगवेगळ्या देशांतले हे कैदी कप्तानाशी भांडतातही. दुसरे असे, की जुलूम करणारी संस्था येथे व्यापारी कंपनी म्हणून थेट समोर येते. 'ईस्ट इंडिया मर्कंटाइल कंपनी' हे तिचे नाव कोणावर बेतले आहे, हे सातवीच्या मुलालाही कळेल. डिस्नीच्या गाजलेल्या १९५४ च्या चित्रपटात जेम्स मेसनने नेमो उत्तम रंगवला, पण त्यात भारताचा मागमूस नव्हता. तेवढ्यापुरते हे मोठे पाऊल आहे.

आणि काय काढून घेतले?

आमचा आक्षेप पुढेच आहे. मालिकेत पाणबुडी कंपनीने कैद्यांच्या श्रमांतून बांधून घेतलेली आहे. तिच्या आराखड्यामागचे मुख्य डोके गुस्ताव्ह बन्वा नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाचे आहे. नेमो शूर आहे, चतुर आहे, ती हाकतो आणि पळवतो. पण तिचा जनक म्हणून समोर येतो तो दुसराच.

आता व्हर्नचा नेमो पाहा. सत्तर मीटर लांब आणि आठ मीटर रुंद नॉटिलसचे सारे गणित त्याने स्वतः मांडले आहे. तिचे सुटे भाग त्याने फ्रान्स, इंग्लंड, स्कॉटलंड, जर्मनी, स्वीडन, अमेरिका अशा देशांतील निरनिराळ्या कारखान्यांतून वेगवेगळ्या नावांनी मागवले. कोणत्याच कारखान्याला कळले नाही की आपण कशाचा भाग घडवतो आहोत. बेटावर सर्व जुळवल्यावर त्याने तेथल्या खुणा पुसून टाकल्या. पाणबुडीत त्याचे बारा हजार ग्रंथ आहेत. समुद्राच्या पाण्यातील मिठापासून सोडियम काढून तो विजेचे घट चालवतो. दर दहा मीटर खोलीला एक वातावरण इतका दाब वाढतो, हे तो आरोनॅक्सला आकड्यांनी समजावतो. व्हर्नच्या विज्ञानात चुका आहेत, हे खरे. त्याची नॉटिलस १६,००० मीटर खोल जाते, प्रत्यक्षात समुद्राची सर्वांत मोठी ज्ञात खोली सुमारे ११,००० मीटर. पण नेमो हा विचार करणारा, मोजणारा, बांधणारा माणूस आहे, यात शंका ठेवलेली नाही. त्याचे बंड आणि त्याची विद्या एकाच माणसात आहेत, म्हणून तो नेमो आहे.

कैदी नेमोची कल्पना १९५४ च्या चित्रपटातही होती. ही मालिका आधी डिस्नीसाठीच तयार झाली आणि मग दुसरीकडे गेली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पण त्या चित्रपटात देश नसला तरी विद्या नेमोचीच होती. २००३ च्या 'द लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जंटलमेन' या चित्रपटात नसीरुद्दीन शाह यांचा नेमो भारतीय आहे, यंत्रेही त्याचीच आहेत, पण कालीची पूजा आणि तलवारबाजी यांनीच तो अधिक लक्षात राहतो. म्हणजे युरोपीय दिसणारा नेमो शास्त्रज्ञ असू शकतो. भारतीय दिसू लागला की तो योद्धा होतो, भक्त होतो, बंडखोर होतो, आणि यंत्रामागचे डोके एक तर मागे पडते, नाही तर दुसऱ्याकडे जाते. हे कोणी मुद्दाम करत असेल असे आम्ही म्हणत नाही. सवयीने होत असावे. सवयच तपासायला हवी.

'पण हे पटण्यासारखे आहे का?'

मालिकेच्या बाजूने एक युक्तिवाद करता येईल. १८५७ च्या सुमारास एखादा भारतीय असले यंत्र बांधील, हे प्रेक्षकांना पटेल का? कैदी, मजूर म्हणून तो अधिक खरा वाटतो.

याचे उत्तर इतिहासात आहे. मुंबईचे अर्देशीर करसेटजी वाडिया यांनी १८३३ मध्ये 'इंडस' जहाजाला वाफेचे इंजिन बसवले. पुढच्याच वर्षी त्यांनी आपल्या घरी गॅसचे दिवे लावले. १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. कंपनीच्या मुंबईतील वाफेच्या कारखान्याचे ते मुख्य अभियंता होते आणि तेथे युरोपीय माणसे त्यांच्या हाताखाली काम करत. व्हर्नचा डक्कार हा त्यांचा समकालीनच म्हणायचा.

साताऱ्याचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. पदच्युत छत्रपती प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षे तेथे झगडले. सत्ताधाऱ्यांचा कायदा आणि त्यांची भाषा त्यांनी शस्त्रासारखी वापरली. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले. १८५७ च्या कटात रंगो बापूजींचे नाव पुढे आले, ते निसटले आणि इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्यात सतरा जणांना देहदंड देण्यात आला. परक्यांची विद्या शिकून तीच त्यांच्यावर उलटवणारा आणि शेवटी 'कोणी नाही' होऊन गेलेला माणूस येथल्या वाचकाला काल्पनिक वाटणार नाही.

आणि सांगली जिल्ह्यातील कुंडल परिसर? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये तेव्हाच्या औंध संस्थानातील तेथल्या माळावर कारखाना उभारला आणि लोखंडी नांगर घडवले. पुढे त्याच कुंडलच्या आसपास १९४२ नंतरच्या प्रतिसरकारचे भूमिगत कार्यकर्ते वावरत होते. यंत्र बांधणारे हात आणि सत्तेला नकार देणारी मने एकाच मातीत असू शकतात, याचा दाखला आपल्या दोन जिल्ह्यांतच आहे.

वर्गासाठी

हा वाद नववी-दहावीच्या वर्गात घेण्याजोगा आहे. फळ्यावर तीन रकाने करावेत: मूळ कादंबरीत काय आहे, नव्या रूपात काय बदलले, त्या बदलाने काय मिळाले व काय गेले. 'आवडला', 'नाही आवडला' या शब्दांना तूर्त बंदी घालावी. प्रत्येक विधानामागे कादंबरीतील प्रसंग किंवा मालिकेतील दृश्य मागावे. मग मुलांच्या लक्षात येते, की काही बदल वरवरचे असतात (वय, पोशाख, दाढी) आणि काही गाभ्याला हात घालतात. जीवशास्त्रात वर्गीकरण करताना आपण हेच शिकवतो: देवमासा माशासारखा दिसतो म्हणून मासा ठरत नाही. कोणते लक्षण निर्णायक, ते आधी ठरवावे लागते.

दोन्ही कादंबऱ्यांतील तारखांची काळरेषा मुलांकडून काढून घ्यावी. व्हर्नची चूक त्यांना स्वतः सापडू द्यावी. मोठ्या लेखकाचेही तपासून पाहावे लागते, हा धडा त्यातून आपोआप मिळतो. इतिहासाच्या शिक्षकांनी यात आणखी भर घालावी: नेमोला थोर भारतीय बंडखोर करणाऱ्या याच व्हर्नने १८८० च्या 'वाफेचे घर' या कादंबरीत नानासाहेब पेशव्यांना सूडाने पेटलेला खलपुरुष केले आहे. व्हर्न भारतात कधी आला नव्हता. त्याच्या काळातील युरोपीय वर्तमानपत्रे आणि प्रवासवर्णने त्याच्या दोन्ही चित्रांमागे आहेत.

नेमोला त्याचा देश परत मिळाला, याचा आम्हाला आनंद आहे. मात्र मालिका पाहणाऱ्या मुलांच्या हाती 'रहस्यमय बेट'ही पडले पाहिजे. नाही तर भारतीय नेमो म्हणजे दुसऱ्याने बांधलेली पाणबुडी धाडसाने पळवणारा माणूस, एवढेच त्यांच्या लक्षात राहील. तिचा आराखडा त्यानेच काढला होता, हे त्यांना कोणी तरी सांगायला हवे. शाळेच्या वाचनालयात पुस्तक नसेल, तर ते मागवण्यापासून सुरुवात करावी.