‘करावे’चा बोलविता धनी
मराठीतील पालक-मार्गदर्शनपर लेखनाच्या भाषेविषयी

गर्भधारणेपासून मूल सुटे होईपर्यंत आईबापांना वाट दाखवणारी पुस्तके मराठीत भरपूर आहेत. ती डोहाळजेवणाला भेट म्हणून येतात, बाळंतिणीच्या उशाशी असतात, नणंदेकडून भावजयीकडे जातात आणि शिवण उसवेपर्यंत वापरली जातात. एखाद्या कादंबरीच्या वाट्याला क्वचित येईल इतके बारकाईचे वाचन त्यांना लाभते. समीक्षा मात्र लाभत नाही. वाङ्मयाचा इतिहासकार त्यांना ‘उपयुक्त’ म्हणून बाजूला ठेवतो, आणि वैद्यकाचा जाणकार आतला मजकूर बरोबर की चूक एवढेच पाहतो. पण हे लेखन कोणाशी बोलते, कोणत्या सुरात बोलते आणि कोणत्या अधिकाराने बोलते, हा प्रश्न भाषेचा आहे. तो विचारायचे काम साहित्याच्या अभ्यासकाचे आहे, आणि या लेखात तेवढेच करायचे आहे.

प्रारंभ व्याकरणापासून करू. या लेखनाचे आवडते क्रियारूप विध्यर्थाचे. ‘गर्भिणीने पहाटे उठावे’, ‘मन प्रसन्न ठेवावे’, ‘बाळास वेळच्या वेळी पाजावे’. आज्ञार्थात, म्हणजे ‘ऊठ’, ‘ठेव’, ‘पाज’ यांत, बोलणारा समोर उभा असतो. त्याला उलट विचारता येते. विध्यर्थात ऐकणारी तेवढी दिसते, सांगणारा दिसत नाही. ‘करावे’ कोण म्हणते? वैद्य, सासू, शास्त्र की परंपरा? बोलविता धनी पडद्याआड राहतो आणि आवाज तेवढा पुढे येतो. ज्याला विचारता येत नाही त्याचा सल्ला ऐकावा तरी लागतो, नाहीतर मोडला म्हणून मनाला लावून घ्यावे लागते. तिसरी वाट तो ठेवत नाही.

विध्यर्थ मुळातच वाईट, असे मात्र नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानातला आठवा अध्याय या साऱ्या लेखनाचा पूर्वज मानता येईल. गर्भधारणेची पूर्वतयारी, गर्भिणीची महिन्यामहिन्याची चर्या, सूतिकागार, प्रसूती, नवजाताची काळजी, मुलाची खोली असा आजच्या पुस्तकांचा अनुक्रम तिथे जवळजवळ तयार आहे. मुलाची खेळणी कशी असावीत हे सांगताना चरक म्हणतो की ती रंगीबेरंगी, आवाज करणारी, वजनाला हलकी असावीत; टोकदार नसावीत, तोंडात शिरतील अशी नसावीत, जिवावर बेततील किंवा भीती घालतील अशी नसावीत. आजचे खेळण्यांचे सुरक्षा-निकष याहून फार वेगळे काही मागत नाहीत. रडणाऱ्या, न जेवणाऱ्या मुलाला राक्षस-पिशाचांची नावे घेऊन घाबरवू नये, हेही तिथेच आहे. आपला बागुलबुवा चरकाने तेव्हाच नापास केला होता. या नियमांमागची कारणे वाचणाऱ्याला आपली आपण दिसतात. टोकदार खेळणे का नको, हे शास्त्राला विचारावे लागत नाही. असा विध्यर्थ पारदर्शक असतो.

पण त्याच अध्यायात दुसऱ्या जातीचे नियमही आहेत. पुत्र व्हावा म्हणून पुंसवनाचा विधी आहे. गर्भाची हानी करणाऱ्या गोष्टींची यादी आहे, आणि त्या यादीत उताणी झोपणारीच्या गर्भाला नाळेचा वेढा बसतो, भांडखोर स्त्रीचे मूल अपस्मारी होते, अशी आईच्या सवयींची आणि मुलाच्या व्यंगांची जोडी लावलेली आहे. आणखी एक गोष्ट नजरेतून सुटू नये. अध्यायाच्या आरंभी स्त्री आणि पुरुष दोघांच्याही शरीरशुद्धीची तयारी सांगितली आहे. गर्भ राहिला की पुरुष मागे सरतो आणि पुढचा दोष तिचा होतो. एकाच अध्यायात खेळण्यांचा शहाणपणा आणि आईवरचे आरोपपत्र शेजारी शेजारी आहेत. नंतरच्या पिढ्यांनी यांतले काय उचलले, हे पाहण्यासारखे आहे.

गेल्या काही दशकांत ‘गर्भसंस्कार’ हा शब्द मराठी मध्यमवर्गात रुळला. बालाजी तांबे यांच्या ‘आयुर्वेदीय गर्भसंस्कार’ने तो घरोघरी नेला आणि त्यामागोमाग वर्ग, ध्वनिफिती, छोट्या पुस्तिका आल्या. या लेखनाने एक चांगले काम केले, हे मान्य करायला हवे. गर्भारपणात बाईला थोडी विश्रांती, थोडे संगीत, थोडे कौतुक मिळावे, हे त्याने घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गळी उतरवले. गर्भाला शेवटच्या महिन्यांत आवाज ऐकू येतात, नवजात बाळ आईचा आवाज ओळखते, हेही प्रयोगांनी दाखवलेले आहे. मात्र आवाज ओळखणे आणि बुद्धिमान, सुस्वभावी, यशस्वी संतती घडणे यांत जे अंतर आहे ते हे लेखन एका उडीत पार करते. त्या उडीसाठी त्याला एक कथा सतत लागते. ती म्हणजे अभिमन्यूची.

ही कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. चक्रव्यूह भेदण्याचे वर्णन सुभद्रेच्या पोटातल्या अभिमन्यूने ऐकले. बाहेर पडण्याचा भाग आला तेव्हा सुभद्रेला झोप लागली. म्हणून पुढे रणात तो अडकला. गर्भसंस्काराचा पुरावा म्हणून ती सांगितली जाते. आता द्रोणपर्व पाहावे. तिथे अभिमन्यू युधिष्ठिराला सांगतो की व्यूह भेदण्याची युक्ती मला पित्याने शिकवली आहे, संकट आल्यास बाहेर पडणे मला जमणार नाही. त्या बोलण्यात गर्भ नाही आणि झोपही नाही. आहे ते बापाचे अर्धे राहिलेले शिकवणे. लोककथेने बापाचा अपुरा धडा आईच्या डुलकीत रूपांतरित केला. सहासात महिन्यांच्या गरोदर बाईला झोप लागणे ही जगातली सर्वांत साहजिक गोष्ट. तिचे या कथेत पुत्राच्या मृत्यूचे कारण झाले. गर्भसंस्काराच्या लेखनाने आपली मूळकथा म्हणून नेमकी हीच आवृत्ती निवडावी, हा मला योगायोग वाटत नाही. विध्यर्थामागे दडलेला बोलविता धनी इथे एकदम दिसतो. तो म्हणतो, जागी राहा, नाहीतर जे होईल ते तुझ्यामुळे.

या युक्तिवादाची घडण अशी आहे की तो कधी खोटा पडतच नाही. मूल हुशार निघाले तर संस्कार फळले. नाही निघाले तर आईने मनापासून केले नाहीत. प्रसन्न राहण्याचा हुकूम सुटतो, पण प्रसन्न राहण्याची परिस्थिती कोणी निर्माण करायची याचा कर्ता वाक्यात नसतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला आणि पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. ऊसतोडीच्या फडावर मोळी उचलणारी गर्भार बाई या पुस्तकांची वाचक नाही. तिच्या पोटातल्या बाळावर कोणते संस्कार होत आहेत, या प्रश्नाला त्यांच्या भाषेत जागाच नाही.

गर्भ राहण्याआधीच्या काळाविषयीही भाषा असाच घोळ घालते. ‘वांझ’ हा शब्द बाईसाठी. पुरुषासाठी त्याच्या तोडीचा रोजचा शब्द मराठीने केलाच नाही. जो शिवीसारखा वापरला जातो तो ‘नपुंसक’, आणि त्याचा अर्थ वेगळा. चरक शुक्रदोषांची चिकित्सा सांगतो. आजचा डॉक्टर सुरुवातीलाच दोघांच्या तपासण्या सांगतो. व्रते, नवस आणि उपास मात्र ती करते. शब्द नसला की दोष दिसत नाही, आणि न दिसलेला दोष दुसऱ्याच्या ओटीत पडतो.

या पार्श्वभूमीवर र. धों. कर्वे यांचे लेखन वाचले की वेगळा वारा लागतो. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. मेरी स्टोप्सचे लंडनमधले पहिले केंद्रही त्याच वर्षीचे. १९२३ मध्ये ‘संततिनियमन : विचार व आचार’ हे पुस्तक आले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. कर्व्यांचे साहस वर्णिताना आपण त्यांच्या विषयाबद्दल बोलतो. मला महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा रचनाप्रकार. वाचकांचे प्रश्न आणि संपादकाची उत्तरे हा ‘समाजस्वास्थ्य’चा कणा होता. प्रश्नोत्तरात विध्यर्थाचा पडदा टिकत नाही. विचारणारा आपल्या अडचणीसह हजर असतो आणि उत्तर देणारा नावानिशी जबाबदार असतो. ही जबाबदारी किती महाग होती तेही दिसले. १९३४ मधल्या खटल्याचे कारण ही प्रश्नोत्तरेच होती. कर्व्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरीही दंड झालाच. सल्ला देणाऱ्याने सल्ल्याची किंमत स्वतः मोजली, असे या प्रकारच्या लेखनात फारसे घडत नाही.

कर्व्यांना स्वतःचे मूल नव्हते. तो त्यांचा आणि मालतीबाईंचा निर्णय होता. मूल होऊ न देण्याचा निर्णय हाही पालकत्वाच्या मार्गदर्शनातला पहिला प्रश्न आहे, हे त्यांच्यामुळे मराठीत आले. त्या काळच्या चर्चेत ‘सुप्रजे’चा, म्हणजे निवडक प्रतीची प्रजा निर्माण करण्याचा, सूर बराच होता. आजच्या ‘उत्तम संतती’च्या जाहिरातींत तोच सूर दुसऱ्या रागात ऐकू येतो. कर्व्यांची मर्यादाही नोंदवायला हवी. त्यांचा वाचक साक्षर, शहरी, टपालाने प्रश्न पाठवू शकणारा होता.

मूल जन्मल्यानंतरच्या काळात भाषा बदलली ती ताराबाई मोडकांमुळे. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून त्या मराठीकडे वळल्या. ‘शिक्षणपत्रिका’ त्यांनी मराठीत चालवली आणि १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र उभे राहिले. गिजुभाईंच्या एका गुजराती पुस्तकाच्या शीर्षकाचा अर्थच ‘आईबाप होणे अवघड आहे’ असा आहे. या परंपरेने सल्ल्याचे तोंड फिरवले. मुलाने कसे वागावे हे सांगण्याऐवजी मूल काय करते आहे ते पाहा, असे ती मोठ्यांना सांगते. ‘पाहा’ हा साधा आज्ञार्थ आहे. पण तो वाचकाला आज्ञाधारक करत नाही, निरीक्षक करतो. पाहिलेले आणि छापलेले जुळले नाही तर पुस्तक बाजूला ठेवायची मुभा त्यात आपोआप मिळते. आणि मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द असा पाहण्यातून जन्मला. १९७५ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेने तो देशभर नेला.

ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी मार्गदर्शन कसे लिहायचे? याचे उत्तर गडचिरोलीत मिळाले. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेला बालमृत्यूंमागे न्यूमोनिया मोठ्या प्रमाणावर दिसला. लहानग्याचा श्वास मिनिटाला किती, यावर निदान ठरते. पण गावच्या दाईला तेवढे आकडे मोजता येत नव्हते. म्हणून एक साधी पाटी तयार झाली. तिच्यात मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. दोन महिन्यांखालच्या बाळासाठी एक ओळ, मोठ्यासाठी दुसरी, कारण आधीची मर्यादा साठ श्वासांची आणि नंतरची पन्नासांची. नवजातांची घरीच काळजी घेण्याचे त्यांचे काम १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, तिथे नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. पुढे आशाताईंच्या गृहभेटींचे राष्ट्रीय धोरण याच पायावर उभे राहिले. इस्पितळात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत सहा भेटी.

मी त्या मण्यांच्या पाटीला मराठी पालक-मार्गदर्शनातला एक श्रेष्ठ ‘ग्रंथ’ म्हणतो, आणि हे लाक्षणिक अर्थाने म्हणत नाही. त्यात ‘घाबरू नये’ असे लिहिलेले नाही, ‘काळजी घ्यावी’ असेही नाही. लाल मणी सरकला की काय करायचे ते ठरलेले आहे, आणि नाही सरकला तर धीर धरायला कारण आहे. दाईला अधिकार मिळतो तो कोणी दिला म्हणून मिळत नाही. तिने स्वतः मोजले म्हणून मिळतो. पाटी चुकली तर चूक पाटीची, हेही तिथे स्पष्ट आहे.

शहरी मध्यमवर्गाच्या बाजूने असाच प्रयत्न १९८७ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘पालकनीती’ने आणि शोभा भागवतांसारख्यांच्या लेखनाने केला. तिथला सूर बरोबरीच्या माणसाचा आहे: आपण अडखळतो, मिळून विचार करू. पण या गटाचा धोका वेगळा. विध्यर्थ गेला तरी अपराधभाव राहतो. जुन्या पुस्तकातली आई देवपूजा चुकली म्हणून खंतावते, नव्यातली मुलावर ओरडली म्हणून. बाप आता वाक्यात आला आहे, पण ‘मदत करतो’ या क्रियापदाबरोबर. मदत करणारा मूळ कर्ता नसतो. केंद्र सरकारी पुरुष कर्मचाऱ्याला बाळंतपणासाठी १५ दिवसांची रजा आणि नोकरदार बाईला २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवडे. कायद्याचे आणि पुस्तकांचे व्याकरण इथे एकच आहे.

तेव्हा असे पुस्तक हाती आले की तीन गोष्टी तपासाव्यात. सल्ल्यामागचा बोलणारा दिसतो का, आणि त्याला ‘का’ विचारता येते का? सल्ला पाळूनही फळ आले नाही, तर चूक सल्ल्याची असू शकते असे पुस्तक मानते का? आणि बाप, घर, गाव, सरकार यांपैकी कोण त्याच्या वाक्यांचा कर्ता होतो? या कसोट्यांवर पुष्कळ देखणी, जाड पुस्तके उतरणार नाहीत, आणि मण्यांची एक पाटी उतरेल.

राहता राहिली सुभद्रा. पुढच्या वेळी ती कथा कुठल्या वर्गात सांगितली गेली, तर ऐकणाऱ्या बायांपैकी कोणीतरी एवढेच विचारावे की त्या रात्री व्यूह कोण सांगत होते, आणि दमलेल्या बाईला झोप लागल्यावर उरलेला भाग पुढे सोळा वर्षांत मुलाला जागेपणी शिकवायला त्यांना वेळ का झाला नाही.