खडकीचा शिपाई आणि अनुबोधपट

खडकीचे नाव निघताच मराठी वाचकास १८१७च्या नोव्हेंबरातील लढाई आठवावी हे साहजिकच आहे. परंतु युद्धाच्या स्मृती जपणारी दोन स्थळे आज त्याच परिसरात आहेत, आणि चित्रपट काढणाऱ्याने ती दोन्ही एकदा पाहावीत. पहिले म्हणजे युद्धस्मशान. दुसऱ्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या १,६००हून अधिक सैनिकांच्या थडग्यांच्या रांगा तेथे नीटनेटक्या हिरवळीवर उभ्या आहेत. दुसरे म्हणजे १९७४ साली स्थापन झालेले पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर. पाठीच्या कण्यास इजा होऊन पंगू झालेले शिपाई तेथे चाकांच्या खुर्चीवर आपले आयुष्य नव्याने मांडतात. छायाचित्रकास पहिले स्थळ सोयीचे वाटते. मृतांची कशासही हरकत नसते. जिवंत शिपायावर वीस मिनिटांचा अनुबोधपट करावयाचा म्हटला, की खरी अडचण सुरू होते.

ह्या विषयावरील अलीकडचा गाजलेला चित्रपट म्हणजे कबीर खान यांचा ‘चंदू चॅम्पियन’ (२०२४). सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील अपंगांच्या जागतिक स्पर्धेत पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. हकीकतच अशी, की ती वाया घालविणे कठीण. शेवटच्या शर्यतीच्या वेळी आमचेही डोळे पाणावले, हे कबूल करण्यास संकोच नाही. तथापि ह्या चित्रपटात प्रत्येक प्रसंग विजयाकडे जाणाऱ्या जिन्याची एकेक पायरी झाला आहे. गोळी ही पायरी, रुग्णालय ही पायरी, निराशा हीदेखील पायरीच. १९७२ नंतरची दीर्घ वर्षे पोलीसठाण्यात गाऱ्हाणे सांगणाऱ्या म्हाताऱ्याच्या चौकटीपुरती उरतात. कथापटास हे चालेल. दुःखाची गोष्ट ही, की अनुबोधपट काढणारे होतकरू तरुणही हाच साचा उसना घेतात आणि ज्याला पदक मिळाले नाही, अशा शिपायाच्या मागे सनईचे सूर लावून त्याला बळेच जिंकवितात!

ह्याच्या उलट जॉन ह्यूस्टन यांचा ‘लेट देअर बी लाइट’ पाहावा. दुसऱ्या महायुद्धातून मनाने मोडून परतलेल्या अमेरिकन सैनिकांवर, लष्करासाठीच, १९४६ साली तो तयार झाला. आणि लष्करानेच तो तीस वर्षांहून अधिक काळ दाबून ठेवला. रुग्णांच्या खाजगीपणाचे कारण पुढे करण्यात आले. योद्ध्याची अभंग प्रतिमा सांभाळावयाची हेच खरे कारण, असे ह्यूस्टन यांचे मत होते. चित्रपटात दोष आहेत. न चालणारा शिपाई औषधाच्या एका सुईने उठून चालू लागतो, ते पाहून वैद्यकापेक्षा जादूचाच भास अधिक होतो. निवेदनाचा स्वरही कोठे कोठे प्रचाराचा आहे. पण डॉक्टरासमोर बसलेला एक तरुण बोलता बोलता थांबतो, त्याला रडू येते, आणि कॅमेरा तेथून हलत नाही. ती काही क्षणांची स्तब्धता रणांगणावरील सर्व धुराहून मोलाची आहे. ह्यूस्टन यांनी प्रश्नकर्त्याचे काम डॉक्टराकडे सोपवून स्वतः गप्प राहण्याचे धैर्य दाखविले.

खडकीच्या शिपायावर चित्रपट काढणाऱ्याने हे गप्प राहणे शिकावे. ‘त्या दिवशी काय घडले?’ ह्या प्रश्नाचे उत्तर त्याने शाळांच्या समारंभांत अनेकदा दिलेले असते. ते घोटून गुळगुळीत झालेले असते. त्यापेक्षा सकाळी पलंगावरून खुर्चीत कसे जाता, हे विचारावे. किंबहुना विचारूही नये, पाहावे. कमरेखाली संवेदना नसली, की एका कुशीवर फार वेळ पडून राहिल्याची वेदना कळत नाही. त्वचेस व्रण पडतो आणि तो जिवावर बेतू शकतो. म्हणून रात्रीसुद्धा दर काही तासांनी कूस बदलावी लागते. गोळी एकदाच लागते, कूस मात्र जन्मभर बदलावयाची असते. वीस मिनिटांतील पाच मिनिटे ह्या एका कृतीस दिली, तर प्रेक्षक चुळबुळ करतील, करू द्यावी. कॅमेरा खुर्चीवरील माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असावा, म्हणजे उभ्या माणसाची कीव त्यात आपोआप शिरणार नाही. पार्श्वसंगीत तर नकोच; चाकांचा आणि श्वासाचा आवाज पुरे आहे.

आणि चित्रपट पुरा झाल्यावर तो पाहुण्यांच्या आधी त्या शिपायास दाखवावा, दिवे मंद करून, त्याच्याच खोलीत. त्याने एखादे दृश्य काढावयास सांगितले, तर कारण न विचारता काढावे, मग ते दृश्य सर्वांत सुंदर का असेना.