कर्करोगोत्तर थकवा आणि योगोपचार : तीन संशोधनांची समीक्षा

कर्करोगावरील उपचार संपल्यानंतर रुग्णास जाणवणारा थकवा हा श्रमाच्या थकव्याहून जातीने निराळा असतो. श्रमाचा शीण विश्रांतीने जातो. हा जात नाही. केलेल्या कामाच्या मानाने तो फार अधिक असतो, आणि गाठ नाहीशी होऊन तपासण्या समाधानकारक आल्यावरही कित्येकांच्या बाबतीत तो वर्षानुवर्षे टिकून राहतो. त्याचे मापन करणारे यंत्र नाही. रुग्णाने प्रश्नावलीस दिलेली उत्तरे हेच त्याचे मोजमाप. त्यामुळे योग, ध्यान यांसारख्या, मन व शरीर या दोहोंस स्पर्श करणाऱ्या उपायांची परीक्षा करताना प्रारंभीच एक अडचण उभी राहते. योग चालला आहे हे रुग्णापासून लपविता येत नाही, आणि बरे वाटेल या नुसत्या अपेक्षेनेही बरे वाटू शकते. अशा स्थितीत प्रयोगाचे मोल ठरते ते मुख्यतः तुलनेसाठी कोणता गट घेतला यावरून.

या कसोटीवर ज्युलियन बॉवर व त्यांचे सहकारी यांनी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात केलेला, २०१२ साली प्रसिद्ध झालेला लहानसा प्रयोग चांगला उतरतो. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या, परंतु थकवा न गेलेल्या अवघ्या ३१ स्त्रिया त्यात होत्या. यदृच्छेने विभागणी करून १६ जणींना १२ आठवडे अय्यंगार पद्धतीचा योग शिकविण्यात आला, तर १५ जणींसाठी तितकेच आठवडे आरोग्यशिक्षणाचे वर्ग चालविण्यात आले. म्हणजे दुसऱ्या गटासही सोबत मिळाली, शिकविणारे मिळाले, कोणीतरी विचारपूस करीत आहे ही भावना मिळाली. तरीही योगगटाचा थकवा दुसऱ्या गटाच्या तुलनेने स्पष्टपणे उतरला, उत्साह वाढला, आणि पुढील ३ महिने हा लाभ टिकला. खिन्नता व ताण मात्र दोन्ही गटांत कमी झाले. झोप आणि शारीरिक कार्यक्षमता यांत लक्षणीय बदल आढळला नाही.

या प्रयोगातील खरा विचारार्ह भाग हा न झालेला बदल होय. खिन्नता दोन्हीकडे ओसरली, त्या अर्थी खिन्नता गेली म्हणून थकवा गेला, एवढ्याने भागत नाही. शरीर बळकट झाले म्हणून थकवा गेला, असेही म्हणता येत नाही. तशी अपेक्षा करण्याचेही कारण नव्हते. बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात अनेक दशके शिकवून घडविलेल्या पद्धतीत लोड, पट्टे, खुर्च्या, ठोकळे यांच्या आधाराने दुर्बळ मनुष्यासही आसनात बराच वेळ राहता येते. बॉवर यांच्या वर्गांत भर होता तो अशाच साधार विपरीत स्थितींवर आणि पाठ मागे वळविणाऱ्या आसनांवर. स्नायूंनी श्रम करावयाचे नाहीत. शरीराचा भार आधारावर सोपवावयाचा. याला व्यायाम म्हणणे हा शब्दाचा ओढूनताणून केलेला उपयोग होईल. याच प्रयोगातील रक्तनमुन्यांवरून २०१४ साली असे दाखविण्यात आले की, दाहाशी निगडित जनुकीय क्रिया योगगटात मंदावली होती. परंतु सी-रिॲक्टिव्ह प्रथिन आणि इंटरल्यूकिन-६ यांत फरक पडला नव्हता, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. अन्यथा ‘योगाने दाह शमतो’ असे सुटसुटीत वाक्य तयार होते, आणि सुटसुटीत वाक्ये फार लवकर पाठ होतात.

ओहायो स्टेट विद्यापीठातील जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांचा २०१४ सालचा प्रयोग २०० स्त्रियांवर झाला. १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा हठयोग, असा त्याचा क्रम होता. वर्ग संपताच पाहिले तेव्हा थकव्यात फरक नव्हता, चैतन्य तेवढे वाढले होते. थकवा उतरलेला दिसला तो ३ महिन्यांनंतर, आणि त्या वेळी दाहदर्शक द्रव्येही घटलेली होती. संख्याबळ मोठे खरे, पण तुलनेचा गट केवळ प्रतीक्षेत ठेवलेला होता. त्या स्त्रियांना ना वर्ग होता, ना सोबत. त्यामुळे दोन गटांतील अंतरात योगाचा वाटा किती आणि आठवड्यातून दोनदा चारचौघींत जाण्याचा किती, हे वेगळे काढता येत नाही. अधिक सराव करणाऱ्या स्त्रियांचा थकवा अधिक उतरला, असेही तेथे नमूद आहे. तथापि थकवा उतरू लागल्यामुळेच सराव अधिक झाला, हा उलट क्रमही तितकाच संभवनीय आहे.

कॅरेन मस्टियन प्रभृतींनी २०१७ साली ११३ प्रयोग एकत्र करून व्यायामाचा परिणाम ०.३०, मानसोपचाराचा ०.२७, आणि औषधांचा अवघा ०.०९ असा काढला. औषधे मागे पडली, हा निष्कर्ष यावरून सहज काढला जातो. त्यात तथ्य असेलही; पण औषधाच्या परीक्षेत दुसऱ्या गटास सामान्यतः तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देता येते आणि अपेक्षा दोन्ही बाजूंस सारखी राहते. व्यायामाची किंवा ध्यानाची अशी निष्क्रिय प्रतिकृती करणे दुरापास्त. हे आकडे एका तराजूत तोललेले नाहीत. साधार आसनांच्या बाबतीत मात्र काहीशी सोय आहे. एका गटास आसने, आणि दुसऱ्यास त्याच शिक्षकाच्या देखरेखीखाली, तितकाच वेळ, त्याच लोडांवर नुसते पहुडणे, अशी तुलना योजता येण्यासारखी आहे.