‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’ आणि सुनेची नोकरी

बाळंतपणाची रजा संपली की सुनेने नोकरीवर परतावे का, या वादात पोप दुसरे जॉन पॉल यांच्या १९८१ च्या परिपत्रकातील १९ व्या परिच्छेदाचा दाखला दिला जातो. मजुरीसाठी लेकरू सोडणे आईला भाग पडू नये, हा त्यातील आग्रह आम्हांस मान्य आहे. परंतु तिच्या स्वातंत्र्यावर बंधन नको व कामाची रचनाच कुटुंबाच्या गरजेनुरूप असावी, हे त्याच परिच्छेदातले म्हणणे सासरची मंडळी सोयीस्करपणे गाळतात! पाळणा हलवणाऱ्या बापाविषयी मात्र परिच्छेद मुका आहे. ही उणीव आम्हांला खटकते. २०१७ च्या कायदादुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर आले. भंडाऱ्यात रोवणीला जाणाऱ्या मजूर बाईला ना ती रजा, ना ते पाळणाघर.