निरोप आणि भेट

आदिलाबाद जिल्ह्यातील केसलापूर येथे पौष अमावास्येस गोंड समाजातील मेस्राम कुळाची नागोबा जत्रा भरते. कुळातील मंडळी पायी जाऊन गोदावरीचे जल आणतात व त्या जलाने महापूजा होते. पांढरी वस्त्रे ल्यालेल्या नव्या सुनांची देवापुढे व वडीलधाऱ्यांपुढे ओळख करून दिली जाते. या विधीस 'भेटिंग' म्हणतात.

आज आपल्या देवस्थानांचेही व्हॉट्सअ‍ॅपवर समूह आहेत. उत्सवाची वार्ता क्षणात परदेशी पोहोचते. दूरस्थ भाविकास घरबसल्या आरतीचे दर्शन घडते. हा लाभ आम्ही अल्प मानीत नाही. परंतु तेथे दूरध्वनी-क्रमांक नोंदला की मनुष्य सभासद होतो. तो कोण, कोठला, हे कोणी विचारीत नाही. तो निघून गेला तरी कोणास त्याची उणीव भासत नाही. शंभर जणांनी एकच चित्र पुढे धाडले, म्हणून त्या शंभरांचा समाज होत नाही.

आमच्या मते यंत्र टाकण्याचे कारण नाही. त्यात भेटिंगची रीत मात्र आणावी. नव्या सभासदाची ओळख वडीलधाऱ्यांनी नावगावासह करून द्यावी आणि उत्सवातील एखादे काम त्याच्याकडे सोपवावे. मग तो आला नाही, तर निदान त्याची वाट तरी पाहिली जाईल.